तृतीय पुरुषी एकवचन

रविवार कारंज्याच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा क्लास. मंगळवारी, गुरुवारी जादा तास:
ज्यांचं व्याकरण कच्चं
आणि कान त्याहून कच्चे, त्यांच्यासाठी.
वेगळी फी नाही. चहा ज्याचा त्याने.

मुरलीधर वडनेरे, वय एकोणसाठ,
तांबट लेनमधून चालत येतात.
वहीला वर्तमानपत्राचं कव्हर, नखांत हिरवट काळं.
पोरापोरींच्या बाकावर कडेला टेकतात
डावा कान माझ्याकडे करून.

मी टेप लावते.
(टेप कसली, मोबाईल आणि एक निळा स्पीकर,
पण तोंडात तोच शब्द बसलाय.)
एक बाई सांगते, तिचा भाऊ रोज काय काय करतो.
उठतो. बस पकडतो. आईला फोन करतो.
रिकाम्या जागा भरा.

सगळ्यांचं गेट्स, कॅचेस, कॉल्स.
वडनेऱ्यांचं गेट, कॅच, कॉल.
"स राहिला," मी म्हणते.
"कुठे होता?" ते विचारतात.
खरंच विचारतात.

तीन आठवडे मी लाल पेनने
त्यांच्या प्रत्येक क्रियापदाला शेपूट काढत होते.
चौथ्या आठवड्यात लाइट गेली
आणि इन्व्हर्टर असा किंचाळायला लागला
की ऋतुजाने कानांत बोटं घातली, आफताब उठून बटणं शोधायला गेला,
आणि वडनेरे
खाली मान घालून पाचवी रिकामी जागा भरत होते.

मग कळलं.
"चाळीस वर्षं हंडे ठोकलेत, मिस.
बारीक आवाज आधी जातात.
रातकिडे गेले. घड्याळाचा गजर गेला.
त्यात तुमचा हा स कधी गेला,
कोण लक्ष ठेवतो?"
आणि मला वाईट वाटायच्या आत
माझ्या स्पीकरवर टिचकी मारून म्हणाले,
"ह्याचा खालचा सूर फाटलाय. ऐकू येत नाही तुम्हाला?"
नव्हता येत.

त्या दिवशी टेप बंद.
म्हटलं, तळहात तोंडापुढे धरा.
स असेल तर हाताला गार लागेल.
गरम फोडणीत पाणी पडावं
तसा सगळा वर्ग स-स करत बसला.

मग, इंग्रजी कशाला हवंय, ते त्यांनी सांगितलं.
मुलगा दुकानात गिऱ्हाईक आणतो, हॉटेलवाले, परदेशातले.
माझ्याकडे बोट करतो, काही बोलतो.
ते माझ्याकडे बघतात, मान डोलावतात.
हातोडी थांबवायची की चालू ठेवायची, समजत नाही.
एवढं कळतं की
विषय मी आहे.

मी फळ्यावर लिहिलं:
बोलणारा पहिला. ऐकणारा दुसरा.
ज्याच्याबद्दल बोलतात तो तिसरा,
मग तो समोर बसलेला का असेना.
स फक्त त्या तिसऱ्याला. तोही एकटा असेल तर.

बराच वेळ ते फळ्याकडे बघत राहिले.
"म्हणजे मी माझ्या तोंडाने सांगितलं
तर स लागतच नाही?"
"नाही लागत."
"मग हे आधी नाही का सांगायचं!"
आय मेक, ते म्हणाले.
आय मेक, आय मेक, जिना उतरतानासुद्धा.

मला वाटलं, सुटले एकदाचे.
गुरुवारी साडेसातला पुन्हा हजर,
कव्हर नवं.
"तुम्हाला आता स नकोय ना?"
"मला नकोय. पण मुलाचं कुणी विचारलं तर?"

डावा कान भिंतीकडे, तळहात तोंडापुढे,
ही टॉक्स, म्हणाले,
आणि हाताला गार लागलं की नाही
ते बघत थांबले.